बसायला जागा आहे

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे मोटारीत जागा रिकामी ठेवून निघून जाणे हा पंक्तीत पान मांडून ते ओस ठेवण्याइतकाच अशिष्टपणा समजतात. गाडी दारातून हलली की मालक काच खाली करून विचारणारच, "चलता का जी? बसायला जागा आहे." मग तो मूलला चाललेला असो की अहेरीला. या रीतीला कारणही तसेच आहे. अंतरे मोठी आणि वस्ती विरळ. सिरोंच्याहून गडचिरोली म्हणजे दोनशे किलोमीटरच्या घरात. रेल्वे म्हणाल तर ती वडशापाशी जिल्ह्याला जेमतेम शिवून जाते. संध्याकाळची शेवटची एस.टी. चुकली की रात्र कुणाच्या तरी ओसरीवर काढायची. अशा मुलखात गाडीतली जागा ही एकट्या मालकाची राहतच नाही. लग्नाला, मयताला, दवाखान्यात आणि परीक्षेला निम्मा जिल्हा दुसऱ्याच्या गाडीतून जातो.

या अगत्याने बसविलेल्या पाहुण्याला कायद्याच्या पुस्तकात एक नाव आहे. ते मला अलीकडेच कळले. 'ग्रॅच्युइटस पॅसेंजर'. इंग्रजीत शब्द भारदस्त वाटतो. पण मराठी करायला गेले की 'फुकटचा प्रवासी' यापलीकडे फारसे काही हाती लागत नाही. माझ्या सासऱ्यांना आयुष्यभर लोकांनी आग्रहाने गाडीत बसवून नेले. त्यांना कुणी तोंडावर फुकटचा प्रवासी म्हटले असते, तर त्यांनी तेथेच उतरून पायी वाट धरली असती.

हा शब्द मला शिकावा लागला तो २०२४ च्या मे महिन्यात. ब्रह्मपुरीला एक लग्न होते. आमच्या महाविद्यालयातले भूगोलाचे प्राध्यापक (आम्ही सारे त्यांना भूगोलसरच म्हणतो) आणि त्यांच्या पत्नी स्वतःच्या मोटारीने निघाले होते. त्यांनी आम्हां उभयतांना मागच्या सीटवर बसवून घेतले. लग्न उत्तम झाले. परत निघायला रात्र झाली. नागभीड गेले, सिंदेवाही गेले, मूल मागे पडले आणि चंद्रपूरच्या वाटेवरचे जंगल सुरू झाले. अजयपूरजवळून जाताना गाडीतले बोलणे आपोआप थांबले. कारण १९ मे २०२२ च्या रात्री तेथेच लाकडांचा ट्रक आणि डिझेलचा टँकर यांची टक्कर होऊन ९ जण जळून मेले होते, आणि लाकडाच्या ट्रकवरचे मजूर त्यांत होते. त्या जागेवरून रात्रीचे जाताना आमच्याकडचा माणूस अजूनही मनातल्या मनात हात जोडतो.

त्यानंतर चारपाच मिनिटांतच रानडुक्कर आडवे आले. एक गेले म्हणून सरांनी सुस्कारा टाकला, तोच त्याच्या मागची तीन पिल्ले आली. गाडी चाळिसाच्या वेगाने असेल. सरांनी ती वळविली आणि ती रस्त्याकडेच्या मोहाच्या बुंध्याला जाऊन टेकली. आदळली असे मी म्हणत नाही. पण त्या टेकण्यानेसुद्धा पुढचा भाग चेपला. पुढे बसलेल्या दोघांना पट्ट्यांनी धरून ठेवले. माझ्या कपाळाला टेंगूळ आले. सौ.ने पडताना उजवा हात पुढे केला होता. तिचे मनगट मोडले.

मागच्या सीटचे पट्टे बहुतेक मोटारींत नक्षीदार अभ्र्यांखाली सुखाने झोपलेले असतात. गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ ला दिल्लीत गेले ते मागच्या सीटवर होते. सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर गेले तेही मागच्याच सीटवर. त्या त्या वेळी आठ दिवस देशभर मागच्या पट्ट्यांची चर्चा झाली. पट्टा न बांधल्यास १,००० रुपये दंडही आहे. तरी मागे बसलेल्याने पट्टा मागितला, तर मालकाला आपल्या गाडी चालविण्यावर अविश्वास दाखविल्यासारखे वाटते. येथेही आडवी येते ती भीडच.

तर मनगट. चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात हात बांधून झाला. पुढे नागपूरला शस्त्रक्रिया होऊन त्यात पट्टी आणि सात स्क्रू बसले. खर्च बराच झाला. आता ५ मे २०२५ पासून केंद्र सरकारची योजना आहे : अपघातातल्या जखमीवर पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख पैसे न घेता व्हावेत. आमच्या वेळी ती नव्हती. पण खरी पंचाईत पैशांची नव्हती. भूगोलसर रोज संध्याकाळी येत, कॉटच्या पायथ्याशी बसत आणि जमिनीकडे बघत. सौ.च त्यांची समजूत घाली, "भाऊजी, डुकराला काय तुम्ही बोलावलं होतं?"

भेटायला येणाऱ्यांत एक विमा प्रतिनिधी होते. ते म्हणाले, "दावा लावा. हक्काचे पैसे आहेत." ते गेल्यावर आमच्या घरात जी शांतता पसरली, तिचे वर्णन करणे कठीण आहे. शेवटी आई म्हणाली, "ज्यांच्या गाडीत बसलो, त्यांच्यावर फिर्याद? अन्नाला काय म्हणावं मग?" थोरल्या मेहुण्यांनी तर यादीच सांगितली : अमक्याची बहीण अमक्याच्या जीपमध्ये लंगडी झाली, तमक्याचा मुलगा काकाच्या गाडीत गेला, कुणी चकार शब्द काढला नाही. ही यादी ते कौतुकाने सांगत होते. मी मात्र ऐकताना त्या लंगड्या बहिणीचा विचार करीत होतो. तिच्या पायाचा खर्च अखेर कुणी सोसला? भिडेचा खर्च नेहमी ज्याला लागलेले असते, त्यालाच करावा लागतो.

ही कोंडी फोडली ती भूगोलसरांनीच. एके दिवशी ते कापडी पिशवीतून विम्याचे कागद घेऊन आले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघून म्हणाले, "सर, दरवर्षी मी हे पैसे भरतो ते काय देवळात टाकल्यासारखे? तुम्ही मागितले नाहीत, तर ते कंपनीकडे राहणार. माझ्याकडे नाही येणार." त्यांच्या या वाक्याने मला जे कळले, ते दोन वकिलांना विचारूनही इतके स्वच्छ कळले नसते. दाव्याच्या कागदावर जाबदार म्हणून मालकाचे नाव येते खरे. पण विमा नीट असला तर खिसा असतो विमा कंपनीचा.

'विमा नीट असला तर' या चार शब्दांत मात्र पुष्कळ काही दडले आहे. कायद्याने सक्तीचा असलेला नुसता 'थर्ड पार्टी' विमा खासगी मोटारीत फुकट बसलेल्या पाहुण्याला आपला म्हणत नाही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तसा निवाडा दिलेला आहे. रस्त्यावरचा अनोळखी पादचारी त्या विम्याला चालतो, गाडीतला मेहुणा चालत नाही! उलट सर्वसमावेशक, म्हणजे बोलीभाषेत 'पॅकेज', पॉलिसी असेल तर गाडीतली माणसेही तिच्यात येतात, हे त्याच न्यायालयाने २०१२ साली बालकृष्णन यांच्या खटल्यात स्पष्ट केले. दोन्ही कागद दिसायला सारखेच. हप्ता वाचतो म्हणून जुन्या गाडीवर पहिला कागद घेणारे माझ्या ओळखीचे कितीतरी आहेत, आणि तेच लोक रस्त्यात गाडी थांबवून सगळ्यांत आधी "बसायला जागा आहे" म्हणतात. सरांचा कागद सुदैवाने दुसऱ्या प्रकारचा होता.

वकिलांनी दोन वाटा सांगितल्या. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या १६६ व्या कलमाखाली पूर्ण नुकसानभरपाई मागता येते. अर्ज अपघाताच्या जागी, जाबदाराच्या गावी किंवा स्वतः राहतो तेथल्या न्यायाधिकरणात करता येतो. म्हणजे नागपूरकडे अपघात झाला म्हणून भामरागडच्या माणसाने नागपूरला खेटे घालायला नकोत. पण १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत लागू झाली आहे. आमच्याकडे हाड जुळून माणूस हिंडूफिरू लागेपर्यंतच पाच महिने जातात. त्या मुदतीवरून वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला यात नवल नाही. दुसरी वाट १६४ व्या कलमाची. तिथे कुणाचा दोष होता हे सांगावेच लागत नाही : मृत्यू झाल्यास पाच लाख, गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख, ठरलेली रक्कम. हाड मोडले, सांधा निखळला, फार काय दात पडला तरी कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापतच. ती रक्कम घेतली की पहिली वाट बंद.

वकील म्हणाले, "पहिली धरा. जास्त मिळतील." आणि त्यांनी मसुदा पुढे केला. त्यात एक वाक्य होते : 'जाबदार क्रमांक १ याने सदर वाहन भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे चालविले.' १६६ व्या कलमाखाली हे सिद्ध करावे लागते. गाडी चालविणाऱ्याचा दोष नाही, तर त्या वाटेने भरपाई नाही. रानडुकरावर दावा लावता येत नाही.

मी पंचवीस वर्षे मराठी शिकवीत आलो आहे. 'हयगय' हा शब्द आमच्या घरी वडिलांच्या पत्रांत असायचा, 'प्रकृतीची हयगय करू नये' असा, मायेचा शब्द. तो येथे पोलिसी पोशाख चढवून आला होता. 'याने' हा एकवचनी उल्लेख तर माझ्याने वाचवेना. ज्या माणसाला आम्ही पंधरा वर्षे अहोजाहो करतो, तो मसुद्यात 'याने' झाला होता. वकिलांनी समजावले की ही रूढ भाषा आहे, त्यात वैर काही नसते. खुद्द भूगोलसर म्हणाले, "लिहा हो सर, मी वाचणारसुद्धा नाही."

या मसुद्याच्या पुढच्या पानावर आकडेमोड होती आणि तिने मला कित्येक रात्री जागे ठेवले. सौ. नोकरी करीत नाही. मग तिच्या हाताची किंमत काय? पूर्वी याचे उत्तर 'काही नाही'च्या आसपास असे. जमशेदपूरला १९८९ साली टाटांच्या कारखान्याच्या समारंभात मंडपाला आग लागून अनेक कुटुंबे होरपळली. त्या लता वाधवा खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या कामाचे मोल महिना ३,००० रुपये धरले. पुढे २०१० साली आणि मग जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की गृहिणीचे काम म्हणजे कामच आहे, आणि त्याला मोल न देणे हा अन्याय आहे. २०११ च्या जनगणनेत १५ कोटी ९८ लाख बायकांनी घरकाम हाच आपला मुख्य व्यवसाय म्हणून सांगितला होता. पुरुष होते ५७ लाखांवर. हा आकडा त्या निवाड्यातच आहे.

वकिलांचा हिशोब असा : घरकामाचे मोल महिना १०,००० धरू, वर्षाचे १,२०,०००. वय ४२, म्हणून भविष्यातल्या वाढीपोटी पंचवीस टक्के जास्त, झाले १,५०,०००. या वयाला सरला वर्मा खटल्याच्या २००९ च्या कोष्टकाप्रमाणे गुणक १४; म्हणजे २१ लाख. हात पंधरा टक्के निकामी धरला, तर ३ लाख १५ हजार. शिवाय दवाखान्याचा खर्च आणि वेदनांबद्दल वेगळे.

टक्क्यांचीही गंमत आहे. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निवाड्यात न्यायालयाने बजावले आहे की डॉक्टरांनी लिहिलेले टक्के आणि कमाईतले नुकसान हे एक नव्हे. डावा हात गेला, तर सुताराची बहुतेक सारी कमाई गेली. कारकुनाची नोकरी कदाचित तशीच राहील. हे वाचून मी माझ्या मनगटाकडे पाहिले. ते मोडले असते तरी माझे व्याख्यान काही थांबले नसते. सौ.चे मात्र कणीक मळणे थांबले, पोळी लाटणे थांबले, जिन्यावरून बादली नेणे थांबले. मनगट पूर्ण वळत नाही, त्यामुळे साधे कुलूप उघडतानाही तिला कोपरासकट सगळा हात फिरवावा लागतो. गेल्या दिवाळीपासून चकलीचा सोऱ्या मी फिरवितो. माझ्या चकल्यांना काटा येतो, पण वेढे एकमेकांवर चढतात. घरात कुणी त्याबद्दल बोलत नाही, आणि मुलगा सगळ्यांत वाकडी चकली आधी उचलतो.

निर्णय सौ.नेच केला. मसुदा तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. 'निष्काळजीपणे' या शब्दावर डाव्या हाताचे बोट ठेवून ती वकिलांना म्हणाली, "मी त्या गाडीत होते. भाऊजी हळू चालवत होते. कोर्टात शपथ घेऊन मला विचारलं तर मी हेच सांगणार. मग हे कशाला लिहायचं?" वकील हसले; पण त्या हसण्यात राग नव्हता. आम्ही दुसरी वाट धरली. अडीच लाख. कंपनीने कागद दोनदा परत पाठविले, एकदा सहीसाठी आणि एकदा दुसऱ्या सहीसाठी. पण शेवटी देकार आला. तडजोडीची नोंद करण्यासाठी आम्हांला एक दिवस न्यायालयात जावे लागले. जुन्या दप्तरांत 'भरपाई' म्हणजे सगळे पैसे पोचल्याची पावती. तशी पावती सौ.ने डाव्या हाताने सही करून दिली. भूगोलसर आता जमिनीकडे बघत नाहीत, आणि आई त्यांना पूर्वीसारखाच चहा देते. दोन्ही वाटांतल्या रकमांतला फरक मला पाठ आहे. आमच्या घरी महिन्याच्या महिन्याला पगार येतो. त्या फरकावाचून आमचे अडले नाही.

ज्याचे अडते, असा माणूस त्याच दिवशी व्हरांड्यातल्या बाकावर माझ्या शेजारी बसला होता. सावली तालुक्यातला, धानाचे दोन एकर वावर असलेला म्हातारा. भाचीच्या लग्नाचे वऱ्हाड 'छोटा हत्ती' टेंपोतून निघाले होते. आमच्याकडे वऱ्हाड असेच जाते. टेंपोतून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, बायकापोरे दाटीवाटीने, गाणी म्हणत. मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या बायकाही अशाच जातात. टेंपो वळणावर उलटला. त्याच्या एकोणीस वर्षांच्या मुलीचा पाय गुडघ्याखाली गेला. टेंपो नवरीच्या काकाचा, फायनान्सवर घेतलेला.

त्याच्या मुलीच्या पायाची किंमत सौ.च्या मनगटापेक्षा कोणत्याही हिशोबाने मोठी होती. गुणकच १८ लागला असता. पण मालवाहू गाडीत बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर नाही, असे २००२ साली आशा राणी खटल्यात ठरलेले आहे. मालक जबाबदार राहतोच. काही निवाड्यांत कंपनीने आधी द्यावे आणि मग मालकाकडून वसूल करावे असा तोडगाही न्यायालयांनी काढला आहे. म्हाताऱ्याला हे सगळे ठाऊक होते. तो म्हणाला, "काकावर हुकूम झाला तं त्याचा टेंपो जाईल. टेंपो गेला तं देनार कुठून? अन् भाची त्याच्याच घरात वाढली."

माणसे जास्त भरली तर काय होते, हेही मला त्या काळातच वाचायला मिळाले होते. हिमाचलात ४२ प्रवाशांच्या बसमध्ये नव्वदजण होते. २००७ साली न्यायालयाने सांगितले की विमा कंपनीने ४२ जणांपुरतेच पैसे भरावेत. भरपाईच्या सर्वांत मोठ्या ४२ रकमा घ्याव्यात आणि त्यांची बेरीज सगळ्यांत वाटावी. सोळा माणसे घेऊन जाणाऱ्या आमच्या काळ्यापिवळ्या जीपमध्ये बसलो की आता मला तो भागाकार आठवतो. निदान त्या जीपमध्ये भागायला काही असते. टेंपोतल्या वऱ्हाडाला तेही नाही.

कायद्यात एक फट आहे. १९९४ च्या दुरुस्तीने मालवाहू गाडीत मालाचा धनी किंवा त्याचा अधिकृत माणूस मालाबरोबर असेल, तर त्याला विम्याचे संरक्षण मिळते. म्हाताऱ्याला कुणीतरी हे सांगितले होते. पोरगी वऱ्हाडात नव्हतीच, मालाबरोबर होती, असे लिहा म्हणून. त्याच्या हातात अर्जासोबतच्या जबाबाचा कच्चा कागद होता. मी मराठीचा मास्तर आहे हे कळल्यावर त्याने तो माझ्यापुढे धरला. सौ. पलीकडे बसली होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि ती काहीच बोलली नाही.

"टेंपोत माल होता का?" मी विचारले.

"होते ना जी. तांदळाचे दोन कट्टे. माह्याच वावरातले. मामाकडून लागते ना लग्नात. पोरगी त्या कट्ट्यावरच बसली होती. हे तं खोटं नाही ना, सर?"

मी म्हटले, "नाही, हे खोटे नाही." कंपनीचा वकील यावर काय म्हणेल, तेही मी त्याला सांगितले. त्याने मान हलविली. मग मी कागद मांडीवर घेऊन लिहिले : 'सदर वाहनात अर्जदाराच्या वडिलांच्या मालकीचे तांदळाचे दोन कट्टे होते व अर्जदार ही त्या कट्ट्यांवर बसलेली होती.' वरच्या ओळीत लग्नाचा उल्लेख होता. तो ठेवायचा की खोडायचा, असे मी त्याला विचारले.

"राहू द्या जी," म्हातारा म्हणाला. "लग्न तं झालं ना."